चौदा नंबरचा कोड

पसरणी घाट निम्मा चढला की व्हॅन धापा टाकायची. मागे काळा धूर, आत पेट्रोलचा वास. 2006 सालची गाडी, वाईहून पाचगणीला भाजीचे क्रेट नेणारी. सकाळी एका चावीत सुरू व्हायची, पण तापल्यावर बंद पडली की अर्धा तास हलायची नाही. लिटरला 14 किलोमीटरवरून 9 वर आली होती.

चेक इंजिनचा दिवा कधी लागे, कधी विझे. या गाडीला आजकालचा स्कॅनर लागत नाही. तपासणीच्या कपलरच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडायच्या आणि दिव्याची उघडझाप मोजायची. एक, थोडं थांबून चार. चौदा म्हणजे कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरचं सर्किट. गॅरेजमध्ये सेन्सर दोनदा बदलून झाला होता. सर्किट म्हणजे मात्र नुसता सेन्सर नव्हे, त्याच्या दोन वायरीही त्यात आल्या.

जुने दोन्ही सेन्सर मी मागून आणले होते. ते आणि बसवलेला नवा, तिन्ही घरी तपासले. माठातल्या पाण्यात अडीच हजार ओहमच्या आसपास, गॅसवर 80 अंशांपर्यंत तापवलेल्या पाण्यात तीनशे. तिन्ही चांगले! दोनदा भरलेल्या पैशांपेक्षा मला त्या निर्दोष सेन्सरांचंच वाईट वाटलं.

मग पुढचं सीट उचललं. त्याखालीच इंजिन. सेन्सरचा कपलर काढून त्यात मल्टिमीटरच्या पिना खोवल्या, चावी फिरवली. ईसीएमकडून, म्हणजे इंजिनच्या संगणकाकडून, येणारे 5 व्होल्ट नीट दिसत होते. मीटर आईच्या हातात दिला आणि हार्नेस वीतवीतभर चाचपत, वाकवत गेले.

“पाच... पाच... अगं, गेलं! शून्य!”

पुन्हा वाकवलं, पुन्हा शून्य. मीटरची काळी पिन बॉडीला लावली, तर तिथे वाकवूनही पाचच. म्हणजे सिग्नलची वायर शाबूत, दोष परतीच्या अर्थिंगच्या वायरीत.

इंजिनजवळच्या पत्र्याच्या क्लिपपाशी टेप सोडवला. वरचं प्लास्टिक धड, आत तांबं काळंहिरवं पडलेलं, दोनतीन तारा कशाबशा धरून होत्या. त्या गंजाचा अडसर सेन्सरच्या तीनशे ओहममध्ये मिळायचा आणि तापलेलं इंजिन ईसीएमला गार वाटायचं. म्हणून तो जास्त पेट्रोल सोडत राहायचा. वायर पुरती सुटली की मगच दिवा लागायचा. इंजिनच्या प्रत्येक हिसक्याला ती तिथेच ताणली जात होती.

चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर मागे कापली, नवा तुकडा डाखला, वर हीटश्रिंक स्लीव्ह चढवली. क्लिपच्या अलीकडे बोटभर ढील सोडली.

आठवड्याने घाटातून उतरल्यावर प्लग काढून पाहिले. काजळी गेली होती. सगळ्यांची टोकं फिकट विटकरी.