पाठ म्हणणं आणि वाचणं

पहिलीच्या वर्गावर माझी बरीच वर्षं गेली. पालक हमखास एकच तक्रार घेऊन येतात, "बाई, हा अक्षर उलटं काढतो." सहाव्या वर्षी पुष्कळ मुलं तसं काढतात. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांत घोळ घालतात आणि बहुतेकांचा तो घोळ सरावाने सुटतो. मी वहीपेक्षा मुलाच्या बोलण्याकडे जास्त लक्ष देते. चिमणीची 'मिचणी' होणं सुटत नाही, आठवड्याचे वार ओळीने लागत नाहीत, 'पाटी'ला जुळणारा शब्द सापडत नाही, ओळखीच्या वस्तूचं नाव ऐनवेळी आठवत नाही. अशा दोन-चार गोष्टी एकत्र दिसल्या, महिनोन्‌महिने टिकल्या, की मी सावध होते.

एक मुलगा होता, भलताच चुणचुणीत. गोष्ट सांगायला उभा राहिला की वर्ग गप्प बसे. पहिला धडा घडाघडा म्हणायचा, पण बोट भलत्याच ओळीवर. त्याच धड्यातले शब्द मी फळ्यावर सुटे लिहिले, तर 'घर'सुद्धा लागेना. पहिल्या वेलांटीशी तर त्याचं हाडवैर. ती दिसते अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर! कान शाबूत असलेलं मूल पाठांतरावर सहामाही सहज काढतं आणि आपण त्याला हुशार म्हणून मोकळे होतो. (हुशार तो होताच.)

आई म्हणाली, "आळशी आहे हो. टीव्हीवरची गाणी बरी पाठ होतात." वडील थोड्या वेळाने म्हणाले, "मलाही वाचन जड जायचं." डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन जड जाणं, बऱ्याचदा घराण्यात चालत येतो, म्हणून हे वाक्य मला फार मोलाचं वाटलं. डोळे-कान तपासून घेतले, दोन्ही ठणठणीत होते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो, हे चांगलंच झालं. पण तिचं प्रमाणपत्र आठव्या वर्षाच्या आधी मिळत नाही. मदतीला मात्र कागद लागत नाही. आम्ही शब्दातले आवाज टाळीवर सुटे केले, ताटातल्या रव्यात अक्षरं गिरवली, रोज वाचून दाखवलं. दुसरीत तो अडखळत का होईना, नवा मजकूर वाचू लागला. शुद्धलेखन अजून कच्चंच होतं.

तेव्हा पालकांनो, तिसरीची वाट पाहू नका. आणि घरात कुणाला वाचन जड गेलं असेल, तर ते पहिल्याच भेटीत बाईंना सांगा.