सूक्ष्मगतीचा स्क्रू आणि टाकळखेड्याचा ओळंबा

जगातल्या सर्वांत उंच शिखराला १८६५ साली ज्याचे नाव मिळाले, तो जॉर्ज एव्हरेस्ट आपल्या वऱ्हाडात आला होता, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्या काळात यंत्राचा एक स्क्रू फिरवण्यासाठी त्याचा डावा हात दुसऱ्या कुणालातरी धरून ठेवावा लागत असे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. हा धागा त्या स्क्रूविषयी आहे.

विल्यम लॅम्ब्टनने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. कन्याकुमारीच्या बाजूने उत्तरेकडे सरकणारी त्रिकोणांची ती साखळी वीस वर्षांनी आपल्या भागात पोचली. २० जानेवारी १८२३ रोजी, हैदराबादहून नागपूरकडे जाताना, हिंगणघाट येथे लॅम्ब्टन वारला. त्याची कबर तिथेच आहे. काम एव्हरेस्टच्या हाती आले आणि त्याने मुक्काम हलवला एलिचपुराकडे, म्हणजे आजच्या अचलपुराकडे. वऱ्हाड तेव्हा निजामाच्या राज्यात होते.

आता थोडे यंत्राकडे वळू. कोणतीही पट्टी घ्या. तिच्यावरच्या रेघा एका मर्यादेपलीकडे जवळ आणता येत नाहीत, कारण डोळा त्या वेगळ्या ओळखत नाही. पोर्तुगीज गणिती पेद्रू नुनिश याने १५४२ साली यावर तोड सुचवली : वर्तुळपादाच्या आत एकाखाली एक ४४ कंस काढायचे आणि प्रत्येकाचे भाग वेगवेगळ्या संख्येने पाडायचे. कल्पना देखणी, पण कारागिराचा जीव घेणारी. (याच नुनिशचा शिष्य जुआंव द कास्त्रू १५३८ साली गोव्यात उतरला आणि आपल्या कोकण किनाऱ्याची खाडी न् खाडी नोंदवत दीवपर्यंत गेला. त्याच्यावर कधीतरी स्वतंत्र धागा लिहायलाच हवा.) पुढे १६३१ साली पिएर व्हर्नियरने ब्रुसेल्समध्ये पुस्तक छापले आणि ४४ कंसांच्या जागी एकच छोटी सरकती पट्टी आणली. मुख्य पट्टीवरच्या ९ मिलिमीटरांच्या अंतरात सरकत्या पट्टीवर १० भाग पाडा. प्रत्येक भाग ०.९ मिलिमीटरचा, म्हणजे दोन्हींत फरक ०.१ चा. आता कितवी रेघ समोरच्या रेघेशी तंतोतंत जुळते, एवढेच पाहायचे. बारीक अंतर मोजण्याचे काम डोळ्याला जमत नाही. दोन रेघा एका ओळीत आल्या की नाही, हे मात्र त्याला विलक्षण अचूक कळते. व्हर्नियरची सारी युक्ती डोळ्याच्या या गुणावर उभी आहे.

माझे वडील अकोल्याच्या एमआयडीसीत लेथवर काम करतात. डाळमिलचे शाफ्ट ते व्हर्नियरने तपासतात तेव्हा आधी मागचा स्क्रू आवळतात आणि मग अंगठ्याने बारीक चक्री फिरवतात. शाळेच्या प्रयोगशाळेत मी सूत्र शिकले, पण मोजमाप हाताच्या दाबावर अवलंबून असते, हे मला त्यांनी एका वाक्यात सांगितले होते : “पोरी, दाबू नोको, नुस्तं टेकव.” सूक्ष्म जुळवणीची याहून चांगली व्याख्या मला अद्याप कुठल्या ग्रंथात सापडलेली नाही.

लॅम्ब्टनची थिओडोलाइट लंडनच्या विल्यम केरीने घडवली होती. वजन सुमारे अर्धा टन. आडवे चक्र ३६ इंच व्यासाचे. एवढ्या चक्रावर कोनाचा एक सेकंद म्हणजे किती? मी हिशेब मांडला : मिलिमीटरचा सुमारे साडेचारशेवा भाग. इथे सरकती पट्टीही थिटी पडते. म्हणून या यंत्रात सूक्ष्मदर्शक बसवलेले होते आणि त्यांतला बारीक तंतू मायक्रोमीटरच्या स्क्रूने सरकवून वाचन घेत. दुर्बीण लक्ष्यावर आणण्यासाठी वेगळा टॅन्जंट स्क्रू. आधी हाताने साधारण दिशा, मग चक्र आवळायचे, मग स्क्रूने केसभर सरकवायचे. हेच यंत्र १८०८ साली तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर चढवताना दोर तुटून आपटले आणि चक्र वाकले. तंजावरला तेव्हा आपल्या भोसल्यांचे, दुसऱ्या सरफोजीराजांचे राज्य होते. लॅम्ब्टनने तंबूत सहा आठवडे कोंडून घेऊन, पाचरी आणि स्क्रू लावत, चक्र पुन्हा गोल केले.

हे दुरुस्त केलेले यंत्र घेऊन एव्हरेस्ट वऱ्हाडातून उत्तरेकडे निघाला तेव्हा तापाने त्याचे हातपाय जवळजवळ लुळे पडले होते. झेनिथ सेक्टर, म्हणजे माथ्यावरच्या ताऱ्यांचा वेध घेणारे यंत्र, वापरताना दोन माणसे त्याला आसनावर बसवत आणि उचलून बाहेर काढत. थिओडोलाइटच्या उभ्या चक्राचा टॅन्जंट स्क्रू गाठण्यासाठी तर त्याच्या डाव्या हाताला आधार द्यावा लागे. हे त्यानेच पुढे लिहून ठेवले आहे. त्या दोन माणसांची नावे मात्र त्याने तिथे दिली नाहीत.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मी इथे अडते. एव्हरेस्टच्या चिकाटीचे कौतुक मला वाटते, आणि ते मी लपवणार नाही. पण हे सर्वेक्षण कंपनीच्या सत्तेसाठी होते आणि एव्हरेस्ट काही मायाळू माणूस नव्हता. प्रश्न साधा आहे : ज्याने तो हात धरला, त्याचा हात हलला असता तर वाचन चुकले असते. म्हणजे त्या आकड्यात त्याचाही वाटा आहे. भारतीय हातांना दाद मिळालीच नाही असे नव्हे. अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन पुढे हेन्री बॅरोच्या जागी सर्वेक्षणाचे उपकरणकार झाले आणि एव्हरेस्टने त्यांची गुणवत्ता उघडपणे मानली. पण ज्याच्या हाती स्क्रू नव्हता, फक्त साहेबाचा हात होता, त्याच्यासाठी नोंदवहीत रकाना नव्हता.

अचलपूरच्या दक्षिणेला, २१° ६′ अक्षांशाच्या आसपास, टाकळखेडा हे वेधस्थान होते. इथे तारे पाहून अक्षांश काढायचा, आणि दक्षिणेकडून आलेल्या त्रिकोणांच्या हिशेबाने निघालेला अक्षांश त्याच्याशी ताडून पाहायचा. एक सेकंदाची चूक म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर. यंत्र कितीही बारीक जुळवले, तरी ‘सरळ खाली’ म्हणजे कुठे, हे शेवटी ओळंबा ठरवतो. आपल्या गवंड्याच्या हातातला असतो तसाच. एव्हरेस्टने १८३० साली लंडनमध्ये छापलेल्या ग्रंथात या ओळंब्यावरच संशय घेतला. टाकळखेड्याच्या उत्तरेला गाविलगडचा डोंगर आणि मेळघाटचे पठार आहे. एवढा खडकाचा ढीग ओळंब्याला स्वतःकडे ओढणारच! ओळंबा किंचित उत्तरेला कलला की माथ्याचा बिंदू दक्षिणेला सरकतो आणि अक्षांश खरा असतो त्याहून कमी भरतो. त्याने त्या पठाराच्या आकर्षणाचा हिशेब मांडला. यंत्र निर्दोष असूनही उत्तर चुकू शकते, कारण इथे खोड भूमीचीच होती.

हाच पेच पुढे हिमालयाच्या पायथ्याशी मोठा होऊन उभा राहिला. कल्याणा आणि कल्याणपूर या दोन स्थानांमधल्या अक्षांशांच्या फरकात सव्वापाच सेकंदांची तफावत निघाली. कलकत्त्याच्या जॉन प्रॅट या पाद्र्याने हिमालयाची ओढ मोजली, तर ती भरली जवळपास सोळा सेकंद. मग उरलेली ओढ कुठे गेली? १८५५ साली जॉर्ज एअरीने उत्तर सुचवले : डोंगरांना खाली हलक्या खडकाची मुळे असतात, ते पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यासारखे बुडालेले असतात. भूगर्भशास्त्रातला समस्थायित्वाचा सिद्धान्त इथून आला.

पावसाळा सरल्यावर अचलपुरातून उत्तरेकडे पाहिले, तर गाविलगडची ती निळसर भिंत आजही स्वच्छ दिसते. परतवाड्यावरून चिखलदऱ्याला जाणाऱ्या बसगाड्या त्याच डोंगरावर चढतात.