उशाखालची पुडी

१७ जून. आज समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांची पुण्यतिथी. १८९५ साली याच दिवशी ते गेले, तेव्हा एकोणचाळीस पुरी व्हायला महिनाभरही उरला नव्हता. दम्याने पोखरलेला देह. टेंभूसारख्या गावातून आलेला हा गरीब मुलगा पुढे फर्ग्युसन कॉलेजचा प्राचार्य झाला खरा, पण घरात पैसा साठला नाही.

'सुधारक' या त्यांच्या पत्रातले आगरकर सगळ्यांना ठाऊक. जिवंतपणी लोकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली, तेही ठाऊक. मला मात्र घरातले आगरकर छळतात. बायको यशोदाबाई सोवळंओवळं, व्रतवैकल्यं पाळणाऱ्या. हे देव न मानणारे. तरी त्यांनी आपली मतं तिच्यावर लादली नाहीत. बाहेर एवढं कडक लिहिणाऱ्याला घरात हे कसं जमलं असेल? (आमच्याकडे तर चहात साखर किती यावरूनही सक्ती चालते.)

आणि ती पुडी. आपल्या अंत्यविधीसाठी थोडे पैसे बांधून त्यांनी उशाखाली ठेवले होते, असं सांगतात. बायकोला त्या दिवशी कुणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून. रात्री धाप लागल्यावर ते उठून बसत असतील, तेव्हा हाताला ती लागत असेल.