शिंपला नव्हे!

आमच्या वडिलांनीं कच्छांतून आणलेले चार दगडी शिंपले दिवाणखान्यांतील कपाटांत आहेत. त्यांखालीं वडिलांची चिठ्ठी होती : 'दीपकवच, कच्छ'. तें हौसेनें दिलेलें नांव असावें असें समजून आम्हीं ती काढून टाकिली व 'प्राचीन शिंपले' अशी नवी लाविली. पाहुण्यांस ते दाखवितांना आमचें ज्ञान थोडें उतूंही जात असे. परवां धाकट्या पुतणीनें विचारिलें, "काका, ह्याचीं दोन झांकणें सारखीं कां नाहींत?"

उत्तर शोधावयास आम्ही ग्रंथालयांत गेलों. कच्छच्या ज्युरासिक खडकांतील ह्या जीवांवर एफ. एल. किचिन ह्यांचा प्रबंध १९०० सालचा आहे. त्यावरून उमगलें कीं हे शिंपले नव्हेतच, हे ब्रॅकिओपॉड! शिंपल्याचीं झांकणें प्राण्याच्या डाव्या-उजव्या अंगास असतात व बहुधा एकमेकांचीं प्रतिबिंबें असतात. ह्याचें एक झांकण पाठीवर, दुसरें पोटाखालीं. म्हणून तीं लहानमोठीं, परंतु प्रत्येक मधोमध दुभागलें असतां दोन्ही अर्धीं सारखीं. मोठ्या झांकणाच्या चोंचीस भोंक असतें. त्यांतून मांसल देठ काढून प्राणी खडकास चिकटतो. रोमन लोकांच्या तेलाच्या दिव्यासारखा हा आकार, म्हणून इंग्रजींत ह्यास दिव्याचा शिंपला म्हणतात. वात यावी तेथें देठ! वडिलांचें नांव हौसेचें नव्हतें तर.

आणखी एक खूण आमच्या डोळ्यांसमोर होती. शिंपल्याच्या बिजागरीस लवचीक बंध असतो. प्राणी मेला, स्नायू सैलावले, कीं कवच आपोआप उघडतें. ब्रॅकिओपॉडास कवच उघडण्यासही स्नायूच लागतात, म्हणून मेल्यावर तें बहुधा मिटलेलेंच राहतें. आमचे चारही मिटलेले होते.

५० कोटि वर्षांहून आधींपासून हे समुद्रांत आहेत. अश्मीभूत जाति १२,००० वर ज्ञात आहेत; आज जिवंत अवघ्या सुमारें ४००. शिंपल्यांनीं ह्यांस हटविलें, असें पुष्कळ दिवस सांगत असत. गूल्ड व कॅलोवे ह्यांनीं १९८० सालीं जुन्या गणना ताडून दाखविलें कीं खरा घाला पर्मियन काळाच्या शेवटीं, सुमारें २५ कोटि वर्षांपूर्वीं, झालेल्या महासंहाराचा होता. त्यांत ब्रॅकिओपॉडांची फार हानि झाली, शिंपल्यांची त्या मानानें कमी. हरले म्हणून हटले, हें म्हणणें आम्हांस तरी आतां अन्यायाचें वाटतें. आमचे चौघे त्यांतून वांचलेल्यांच्या कुळांतले.

जुनी चिठ्ठी मिळाली नाहीं. वडिलांचेच शब्द पुन्हां लिहावयाचे ठरलें आहे. अक्षर मात्र पुतणीचें.