टोपी घातलेला कॅमेरा

दिवाळीच्या आठ दिवस आधी काचीगुड्यातल्या आमच्या घराचे तीन पितळी नळ चोरीला गेले. दोन अंगणातले, एक मागच्या बोळातला. चोर सभ्य असावा. नळ काढल्यावर त्याने पाइपांत लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या, त्यामुळे टाकी रिकामी झाली नाही. आजीला या गोष्टीचं एवढं कौतुक, की पोलिसात तक्रार द्यायलाही ती तयार नव्हती.

हैदराबादच्या त्या घरात आजी एकटी असते. वरच्या मजल्यावर एक तेलुगू कुटुंब भाड्याने राहतं. आई-बाबा पुण्याला, काका न्यू जर्सीला, आत्या नांदेडला आणि मी इथे मुंबईत, हॉस्टेलवर. नळांची बातमी घरच्या ग्रुपवर आली तेव्हा काकाकडे मध्यरात्र उलटून गेली होती, तरी पहिलं उत्तर त्याचंच. "कॅमेरे बसवा. आत्ताच्या आत्ता. बाहेरही आणि आतही."

यातल्या "आतही"चा नळांशी काही संबंध नव्हता. श्रावणात आजी न्हाणीघरात घसरून पडली होती. भांडी घासायला येणाऱ्या मौसी येईपर्यंत दीड तास ती तशीच फरशीवर होती. हाड मोडलं नाही, म्हणून चार दिवस तिने आम्हाला सांगितलंही नाही. त्या दीड तासाबद्दल ग्रुपवर कुणी बोलत नाही, पण तो सगळ्यांच्या डोक्यात आहे. चोर निमित्त झाला.

कॅमेरे निवडायचं काम माझ्याकडे आलं. कारण काय, तर "तुला त्यातलं कळतं". मी अर्थशास्त्र शिकते. पण घरात सगळ्यात लहान असलं की तारांचं, ॲपचं आणि पासवर्डचं सगळं आपल्यालाच कळतं असं मोठ्यांनी ठरवलेलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर मी कोठीच्या गुजराती गल्लीत गेले. कॅमेरे, वायरी, डीव्हीआर, असलं सगळं तिथे मिळतं. मला 'वायरलेस' हवा होता, कारण आमच्या दगड-चुन्याच्या भिंतींना भोकं पाडू देणार नाही असं आजीने बजावलं होतं. दुकानातला पोरगा हसला. "मॅडम, फोटो की वायर नक्को, करंट की वायर तो होना इच." (हा शेवटचा 'इच' म्हणजे आपला मराठी 'च'. दखनीने तो कधीच आपल्याकडून उचलला, परत काही दिला नाही. आजी मौसींशी बोलताना तोच वापरते आणि तो मराठी आहे की दखनी हे तिला सांगता येत नाही.)

तर वायरलेस म्हणजे चित्र तेवढं हवेतून जातं, विजेची तार लागतेच. बॅटरीवर चालणारे कॅमेरे मिळतात, पण ते बॅटरी वाचवायला झोपून असतात. समोर काही हललं की जागे होतात, आणि जागे होईपर्यंत माणूस निम्मा निघून गेलेला असतो. आमच्या गल्लीत रिक्षा, कुत्री आणि माकडं यांची अखंड वर्दळ. बॅटरी चार दिवसांत बसली असती. सौर पॅनेल लावावं तर बोळात ऊन येतंच कुठे!

दुसरी अडचण भिंतींची. स्वस्त कॅमेरे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि ते बरंच आहे. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरं, पण भिंत आली की लवकर दमतं. आमच्या दीड हात जाड भिंतींपुढे मात्र दोघांचंही चालेना. कुणाला कॅमेरा घ्यायचा असेल तर मी एकच खात्रीचा सल्ला देते. आधी जिथे तो बसणार तिथे मोबाइल घेऊन उभं राहा आणि घरच्या वायफायवरून कुणाला तरी व्हिडिओ कॉल करा. फाटकापाशी बाबा स्वच्छ दिसले. मागच्या बोळात ते तोंड उघडं ठेवून थिजले. शेवटी मागच्या खोलीपर्यंत खिडकीतून एक केबल ओढली आणि तिथे जुना राउटर लावला. म्हणजे वायरलेससाठी वीस मीटर वायर विकत घेतली.

बाकी निवड फार अवघड नव्हती. दुकानदार कॅमेरा उंच लावायला सांगतात, म्हणजे तोच चोरीला जात नाही. पण फार उंचावरून फक्त टाळू दिसते. आमच्या चोराला टक्कल आहे की नाही एवढंच कळलं असतं. आम्ही आठ फुटांवर लावला. सेकंदाला एक मेगाबिट धरलं तर एक कॅमेरा दिवसाला साधारण अकरा जीबी भरतो, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात दहा-अकरा दिवस मावतात. दर महिन्याचं क्लाउडचं भाडं टाळायला आम्हाला तेवढं पुरे होतं. कार्ड कॅमेऱ्यातच असतं, तेव्हा चोराने कॅमेराच नेला तर पुरावाही सोबत जातो, हेही लक्षात ठेवावं. वीज गेली की राउटर बंद पडतो, म्हणून त्याला छोटा यूपीएस. आणि रात्रीच्या इन्फ्रारेड उजेडात कोळ्याचं जाळं दोरखंडाएवढं दिसतं, म्हणून महिन्यातून एकदा केरसुणी.

पासवर्डवर मात्र मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. २०१६ साली 'मिराई' नावाच्या विषाणूने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, ते केवळ लोकांनी कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला नाही म्हणून. पण मला घाबरवलं ते त्याने नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली बायकांच्या तपासणीची चित्रं बाहेर विकली जात असल्याचं उघड झालं. कॅमेरा रुग्णालयानेच लावलेला होता. त्याच वर्षी ९ एप्रिलपासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्हींना सरकारी सुरक्षा चाचणी सक्तीची झाली. मी दुकानात प्रमाणपत्राचं विचारलं तेव्हा त्या पोराने खोका उलटा करून दाखवला आणि म्हणाला, "पहली कस्टमर हैं आप, पूछने वाली."

फाटकाचा कॅमेरा लावत असताना गल्लीतले एक गृहस्थ थांबले. एक कॅमेरा रस्त्याकडे वळवा, पोलिसांनाही उपयोग होतो, म्हणाले. हैदराबादला हे नवीन नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत दिलसुखनगरला स्फोट झाले, त्याच वर्षी गर्दीच्या ठिकाणी कॅमेरे बसवून तीस दिवसांचं चित्रण जपायचा कायदा आला. पुढे पोलिसांनी 'नेनु सैतम', म्हणजे 'मीसुद्धा', या नावाने लोकांच्या वर्गणीतून गल्लोगल्ली कॅमेरे लावले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बंजारा हिल्सला त्या सगळ्यांवर नजर ठेवणारं उंच काचेचं केंद्रही उभं राहिलं. आम्ही रस्त्याचा थोडा तुकडा घेतला. पण वरच्या मजल्यावरची सून जिन्यात येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "हमारा आना-जाना भी दिखता क्या?" दिसत होतं. ॲपमध्ये जिन्यावर काळा चौकोन टाकता येतो. मी तो टाकला आणि तिला मोबाइलवर दाखवला.

आजीने हे सगळं खुर्चीवरून पाहिलं. मग आतल्या कॅमेऱ्याचा खोका हातात घेऊन विचारलं, "यातून मला कोण बघणार?"

"मी, बाबा, काका, आत्या."

"आणि आत्ता या क्षणी कोण बघतंय ते मला कसं कळणार?"

खोक्यावर किती पिक्सेल ते लिहिलं होतं, किती अंशांत फिरतो ते लिहिलं होतं. याचं उत्तर लिहिलेलं नव्हतं.

आत्या वकील. तिने ग्रुपवर कलकत्ता उच्च न्यायालयाचा निकाल टाकला. एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांचा वाद. दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या घरात कॅमेरे चालवता येणार नाहीत असं न्यायालय म्हणालं, आणि २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. त्याचं मूळ पुट्टस्वामी खटल्यात, २४ ऑगस्ट २०१७. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं तो. अर्जदार स्वतः निवृत्त न्यायमूर्ती आणि निकालाच्या वेळी ९१ वर्षांचे होते, हे ऐकून आजी खूश झाली. "बघ, म्हाताऱ्यांनाच लढावं लागतं."

काका भडकला. "मला कायदा नको सांगू, ताई. आई पुन्हा पडली तर?" त्याचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. सुमारे तेरा हजार किलोमीटरवरून आई पडल्याचं चार दिवसांनी कळणं म्हणजे काय ते त्यालाच ठाऊक.

शेवटी आजीनेच तोड काढली. कॅमेरा हॉलमध्ये, तोंड पुढच्या दाराकडे. आवाज बंद. झोपायच्या खोलीत नाही. आणि तिने त्याला लाल लोकरीची टोपी विणली. पूजेला बसली की टोपी, दुपारी आडवी झाली की टोपी, आमचा कंटाळा आला की टोपी. पहिल्या आठवड्यात काकाने तीनदा फोन केला, "आई, टोपी काढ."

डिसेंबरमध्ये परीक्षा होती. एका रात्री साडेनऊला अभ्यासाचा कंटाळा आला म्हणून मी ॲप उघडलं. टोपी नव्हती. आजी हॉलमध्ये उभी होती, हातात डबा, त्यातले कुरमुरे मुठीने खात होती. बाजूला दुधाचा पेला. ताट नाही, पाट नाही. मी मुद्दाम फोन लावला. ॲप तसंच उघडं ठेवलं. तिने डबा खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं, खुर्चीवर नीट बसली आणि मग फोन उचलला.

"जेवलीस का गं आजी?"

"हो तर. भरली वांगी केली होती. भाकरी, कढी. तुझी आठवण आली."

चित्र आवाजाच्या एक-दोन सेकंद मागे असतं. त्यामुळे 'कढी' ऐकून झाल्यावर तिचे ओठ हलताना दिसले.

त्यानंतरचे दहा दिवस वाईट गेले. ती स्वयंपाक करत नाही हे मला कळलं होतं, पण विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर मी बघत होते हे तिला कळलं असतं. ती मला वांगी सांगायची, मी तिला "वा" म्हणायचे. रोज रात्री ॲपही उघडायचे. एकदा टोपी होती तर चक्क राग आला. हे मी इथे पहिल्यांदाच लिहितेय.

नाताळच्या सुट्टीत घरी गेले आणि पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकलं. कुरमुऱ्यांबद्दल ती एवढंच म्हणाली, "एकटीसाठी कढई कोण चढवतं." मग थोडा वेळ गेला. "किती दिवस बघत होतीस?"

मी सांगितलं. ती उठली आणि देवघरात गेली. त्या रात्री आम्ही दोघींनी भात-पिठलं केलं, फारसं न बोलता.

दुसऱ्या दिवशी पलंगावर पडल्या पडल्या माझ्या डोक्यात आलं की आजी पडली होती न्हाणीघरात. तिथे तर आम्ही कुणीच कॅमेरा लावणार नव्हतो. मग हॉलमध्ये काय राखत होतो आम्ही? काकाला फोन करून हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

सकाळी पुन्हा कोठीला गेले. या वेळी बिनतारी बेल आणली. पाण्याने न बिघडणारं बटण न्हाणीघरात जमिनीपासून एक वीत उंचीवर चिकटवलं, म्हणजे पडलेल्या माणसाचाही हात पोचेल. घंटा वरच्या सुनेच्या स्वयंपाकघरात. तिनेच "इधर लगाओ" म्हणून जागा दाखवली. भिंतीला एक दांडा बसवला, त्यासाठी मात्र दोन भोकं पाडावी लागली. सगळं मिळून एका कॅमेऱ्याच्या निम्म्याहून कमी पैशांत झालं. हॉलमधला कॅमेरा काढून परत खोक्यात घातला. काकाने ग्रुपवर दोन दिवसांनी फक्त एक अंगठा टाकला. तो अजून नाराज आहे.

बाहेरचे दोन चालू आहेत. नळ आता प्लास्टिकचे आहेत, चोर परत आलेला नाही. रोज सकाळी सहाच्या सुमारास माझ्या मोबाइलवर सूचना येते, आजी फाटकातून दुधाची पिशवी उचलते आणि कॅमेऱ्याकडे न बघता आत जाते.

काल रात्री तिला विचारलं, आज काय जेवलीस?

"दूध-कुरमुरे," ती म्हणाली. "आणि तू?"

मी मॅगी खाल्ली होती. "पोळी-भाजी," मी म्हटलं.