संगणक वेगवान हवा की विश्वासू?

घरात नवा संगणक घ्यायचा विषय निघाला की लगेच तट पडतात. एक जण म्हणतो, "विंडोजच घ्या, गल्लीबोळात दुरुस्त होतो." दुसरा म्हणतो, "मॅकच्या वेगाला तोड नाही." कॉलेजात जाणारा एखादा भाचा मध्येच लिनक्सचं नाव काढतो आणि मोठी माणसं त्याच्याकडे संशयाने बघू लागतात. तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं आहे. पण घरातला संगणक केवळ वेगावर जोखता येतो का?

आमच्या घरात याचा कस लागला तो आजोबांच्या आठवणींमुळे. रेल्वेतून निवृत्त झालेल्या आजोबांनी २००८ साली विंडोज एक्सपीचा संगणक घेतला, सत्तरीत मराठी टायपिंग शिकले आणि बालपण, बदल्यांची गावं, नोकरीतले प्रसंग असं बरंच काही लिहून काढलं. ते गेल्यावर संगणक माळ्यावर गेला. पुढे आत्याने ठरवलं की त्या लिखाणाचं छोटं पुस्तक करून नातवंडांना द्यायचं. संगणक खाली काढला, पण तो सुरूच होईना!

आजोबांनी पेन ड्राइव्हवर दिलेल्या चार फाइली आत्याकडे होत्या. माझ्या विंडोज लॅपटॉपवर त्या उघडल्या, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची नुसती खिचडी. आतेभावाच्या मॅकवर फाइल डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडली, पण खिचडी तीच. लिनक्सवरही तेच. सर्वांत वेगवान आणि सर्वांत जुनं, दोन्ही यंत्रं सारखीच हतबल!

असं का झालं? त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या मराठी फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचं चित्र बसवलेलं असे. तो फाँट संगणकात नसला की मागचं इंग्रजी अक्षर उघडं पडतं. युनिकोडचं तसं नाही. त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असतो, त्यामुळे विंडोजवर लिहिलेला 'क' मॅकवर आणि लिनक्सवरही 'क'च दिसतो. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून देवनागरी त्यात आहे. पण जुन्या फाँटची सवय पुढे कित्येक वर्षं सुटली नाही.

शेवटी वाट दाखवली ती लिनक्सने. ते पेन ड्राइव्हवरूनही चालू करता येतं. आतेभावाने तसं केलं आणि विंडोज बंद पडलेला आजोबांचा संगणक जागा झाला. हार्ड डिस्कवर बाकीच्या फाइली मिळाल्या, तो जुना फाँटही मिळाला. मग रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने मजकूर युनिकोडमध्ये आणला. रफार आणि जोडाक्षरं मात्र जागोजागी बिघडली होती. ती आत्याने आणि मी दोन महिने बसून दुरुस्त केली. एक फाइल तेवढी उघडली नाही, डिस्कचा तो भागच खराब झाला होता. नेमकं त्यातच आजीवरचं प्रकरण होतं. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

हा अनुभव गाठीशी ठेवून तिन्ही पर्यायांकडे पाहिलं, तर वेगळंच चित्र दिसतं.

विंडोजची मोठी सोय म्हणजे निवड. सर्व किमतींची यंत्रं मिळतात, हिशेबाचे बहुतेक प्रोग्राम त्यावर चालतात आणि जुने प्रोग्रामही ते बराच काळ सांभाळतं. पण विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे ठणठणीत असलेले कित्येक संगणकही त्याला चालत नाहीत.

मॅकमध्ये यंत्र आणि प्रणाली एकाच कंपनीची, म्हणून मेळ उत्तम. २०२०च्या एम१ चिपनंतर तर बिनपंख्याचा मॅकबुक एअरही चपळ झाला. मात्र किंमत जास्त, आणि या चिपच्या लॅपटॉपमध्ये मेमरी नंतर वाढवता येत नाही. शिवाय २०१९च्या मॅकओएस कॅटालिनापासून जुने ३२-बिट प्रोग्राम चालेनासे झाले.

लिनक्सची बहुतेक रूपं फुकट मिळतात आणि जुन्या यंत्रालाही ते नवं आयुष्य देतं. केरळच्या सरकारी शाळांत मुलं याच जातीच्या मुक्त प्रणालीवर शिकतात. पण नेहमीचा एखादा प्रोग्राम त्यावर चालत नाही आणि अडलं तर शेजारी विचारायला कुणी नसतं.

आणि भरवसा तरी कुणावर ठेवायचा? १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. एवढ्या मोठ्या कंपन्यांची ही गत, तर आपल्या टेबलावरच्या डब्याचं काय!

म्हणून दुकानात वेग जरूर पाहा, पण आणखी तीन प्रश्न विचारा. याला सुरक्षेच्या अपडेट किती वर्षं मिळतील? बिघडला तर गावात दुरुस्त होईल का? आणि यातला मजकूर उद्या दुसऱ्या यंत्रावर जसाच्या तसा उघडेल का? लिहिताना युनिकोडच वापरा. इनस्क्रिप्ट कळफलक तिन्ही प्रणालींत आहे. महत्त्वाच्या फाइलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि एखादी प्रत कागदावरही.

यंत्रं येतील आणि जातील. घरातल्या वडीलधाऱ्यांनी काही लिहून ठेवलं असेल, तर या रविवारी ती फाइल एकदा उघडून पाहा. आज उघडत नसेल, तर ज्यांना विचारायचं ती माणसं अजून आपल्यात असतानाच विचारून घ्या.