खेळतं भांडवल शून्य

म्हसावदमध्ये मी लोकांना गोठ्याच्या, शेळीपालनाच्या कर्जासाठी प्रकल्प अहवाल तयार करून देतो. त्यात दोन रकाने लागतातच: स्थिर भांडवल आणि खेळतं भांडवल. गायी किती घेणार हे कुणीही सांगतो. दुधाचा पहिला पैसा येईपर्यंत चारा कशातून आणणार, ते विचारावं लागतं. तो आकडा नसेल तर मी कागद परत करतो. स्वतःच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचं अंदाजपत्रक मांडलं तेव्हा मात्र दुसरा रकाना आखलाच नाही.

यादी नेटकी होती. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच काच, म्हणजे काठोकाठ 190 लिटर. स्टँड, दिवे, पंप, प्रोटीन स्किमर, खडक, मासे, प्रवाळ. खाली बेरीज आणि दोन रेघा.

पहिला दणका मिठाने दिला. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे टाकी एकदा भरायलाच साडेसहा किलोंवर मीठ, तेही सागरी. स्वयंपाकाच्या मिठात प्रवाळाला लागणारं कॅल्शियम, मॅग्नेशियम नसतं. शिवाय आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं. मी मीठ धरलं होतं एकदाच. ती कसर भरून काढायला बोअरचं जड पाणी वापरलं, तर काचेवर शेवाळाचा थर चढला. मग आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन घ्यावं लागलं. आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर सोडून देतो. ते अंगणाच्या कामी आलं, एवढंच.

तपासणी किट महाग वाटलं म्हणून वगळलं होतं. नव्या टाकीत अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पाणी नितळ दिसलं आणि मी मासे सोडले. जे मेले त्यांच्या किमतीत किट येऊन वर पैसे उरले असते.

मग उन्हाळा. प्रवाळाला 25-26 अंश मानवतं. सातपुड्याच्या पायथ्याशी मे महिन्यात पारा चाळिशीपार. चिलर टाळून पंखा लावला. कोरड्या हवेत पाणी गार होतं खरं, पण भराभर उडतंही. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं. मी मात्र घट भरायला खारंच पाणी ओतत राहिलो. रिफ्रॅक्टोमीटरने खारटपणा दाखवला तेव्हा कळलं की महागाचं मीठ खर्चून मी टाकी बिघडवत होतो. चिलरही शेवटी घ्यावाच लागला. 300 वॅटचा चिलर दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला 108 युनिट होतात. घरगुती बिल शंभर युनिटांवर गेलं की पुढचा दर चढा. वीज गेल्यावर पाण्यात हवा खेळवायला बॅटरीचा एअर पंप, तो वेगळाच.

यादीतली प्रवाळाची ओळ तर खर्चाची नव्हतीच, गुन्ह्याची होती. आपल्या समुद्रातली कठीण प्रवाळं 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती काढणं, विकणं, बाळगणं बेकायदा. पैसे देण्याआधी हे कळलं, हे नशीब. आता टाकीत हॅचरीत वाढलेले क्लाउनफिश आहेत. त्यांच्या प्रजननाचं तंत्र केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने बसवलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेले मासे घ्यायची गरज उरत नाही.

कुणी विचारलं तर आता मी अंदाजपत्रक उलटं करायला सांगतो. आधी महिन्याचा आकडा ठरवा: मीठ, वीज, रेझिन, खाद्य, तपासणीची रसायनं. तो मे महिन्याच्या बिलावर धरा, डिसेंबरच्या नाही. बारा महिन्यांची ती रक्कम बाजूला काढा आणि उरलेल्या पैशांत काच घ्या. काहीच उरत नसेल, तर मालवणला जाऊन प्रवाळ बघून येणं स्वस्त पडतं.